आठवी चांदणी

पेटी उघडली आणि आमच्या ह्यांचा हात तसाच हवेत राहिला.

"सातवं कुठाय?"

मी विड्याची पानं पुसत बसले होते. पुसतच राहिले. दारात मांडव, परसात आचाऱ्यांची चूल, माजघरात पाहुण्या बायकांचा गलका, आणि लेकीचं लग्न उद्या सकाळी. अशा वेळी बाईनं मान वर केली नाही तरी चालतं.

"अगं, मी काय विचारतोय? सातवं घड्याळ कुठाय? उद्या जावयाच्या हातात घालायचंय ते."

"तेवीस आहेत की पेटीत. दुसरं एखादं द्या."

"बावीस आहेत," हे म्हणाले.

ही गोष्ट एक्याण्णव सालची. आमचे हे म्हणजे भूपाल मगदूम. जयसिंगपूरच्या पेठेत गुळाची आणि शेंगांची अडत. माणूस सरळ. दारू नाही, तंबाखू नाही, पत्ते नाहीत. खोड एकच, जुनी मनगटी घड्याळं. परदेशी, भारीतली, आणि सगळी दुसऱ्या कुणाच्या तरी हातावर आयुष्य काढून आलेली. गावात कोणी गेलं की लोक सांत्वनाला जातात, आमचे हे मयताचं मनगट बघून येतात, असं मी चारचौघांत म्हणायची. हे नुसते हसायचे.

घड्याळांसाठी सागवानी पेटी करून घेतलेली. आत निळं मखमल, मखमलीत खळग्या, खळगीत एकेक घड्याळ निजवलेलं. रविवारी सकाळी बस्तीत, आमच्या जैन मंदिरात, दर्शन घेऊन आले की मांडी घालून बसायचे. एकेकाला मलमलीनं पुसायचे, चावी द्यायचे, कानाला लावून ऐकायचे. माझ्या बाळंतपणात माझी एवढी चौकशी झाली नाही. आणि तेवीस घड्याळं बाळगणारा हा माणूस जन्मात एकदाही वेळेवर जेवायला आला नाही.

मी दुसरी पास. तिसरीत मास्तरांनी छडी उगारली, ती मी त्यांच्या हातातून काढून घेतली, म्हणून शाळा सुटली. त्याचं मला दुःख नाही. पण माझ्या घरातली वस्तू चकाकली पाहिजे, हा माझा बाणा. चिंच लावून, राख लावून मी भांडी अशी घासायची, की आमच्या तांब्याच्या बंबात बघून बाईनं कुंकू लावून घ्यावं. मळकं दिसेल ते मला खपत नसे. भांडं असो, नाहीतर माणूस.

आता ते सातवं घड्याळ. ते ओमेगा होतं, बेळगावच्या एका म्हाताऱ्या कर्नलसाहेबांकडून मिळवलेलं. चार वर्षं हे दर महिन्याला बेळगावला जायचे, साहेबांबरोबर चहा प्यायचे आणि हात हलवत परत यायचे. पाचव्या वर्षी साहेबांनी आपण होऊन मनगटावरून काढून दिलं. त्या दिवशी ह्यांनी मला कौतुकानं दाखवलं होतं. मागच्या झाकणावर घुमट, आणि घुमटावर आठ चांदण्या कोरलेल्या. मला वाटलं कुठल्यातरी बस्तीचं शिखर आहे. मी हात जोडले.

"अगं, आकाशातले तारे बघायची जागा आहे ती," हे म्हणाले. "परदेशातली."

जोडलेले हात मी सोडले आणि पुन्हा त्या घड्याळाचं तोंड बघितलं नाही.

आमच्यात लग्नात सासऱ्यानं जावयाला घड्याळ द्यायची रीत. सन्मतीचं लग्न ठरलं तेव्हा हे म्हणाले, "वर्धमानला सातवं द्यायचं." तेव्हा मी ते नीट हातात घेतलं. कड सोन्याची होती, सोनं मला कळतं. पण मिणमिणतं सोनं, लोकांनी पितळ म्हणावं असं. डायल पिवळी पडलेली, सायीवर हळदीचं बोट पुसावं तशी. आणि हलवलं की आत काहीतरी टकटक आपटायचं. म्हणजे जुनं तर जुनं, वर मोडकंसुद्धा!

त्यात वराची मावशी. विमलमावशी, कोल्हापूरच्या. साखरपुड्यात सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "आमच्या थोरल्याला त्याच्या सासऱ्यानं नवं कोरं घड्याळ घातलं हो. खोक्यासकट. तुमच्याकडं तर म्हणे घड्याळांचं दुकानच आहे!"

"दुकान नाही मावशी, दवाखाना आहे," मी म्हटलं. "सगळे म्हातारे पेशंट."

सगळे हसले. मीही हसले. पण ते खोकं माझ्या डोक्यात जाऊन बसलं. लग्नाच्या आधीच्या सोमवारी हे पेढीवर गेल्यावर मी पेटी उघडली, सातवं घड्याळ रुमालात बांधलं आणि एसटीनं सांगली गाठली. तिथं मोठ्या रस्त्याला काचेचं नवं दुकान झालं होतं. "नव्यासारखं करून पाहिजे," मी सांगितलं. "डायल कोरी, कड लख्ख, आणि आतला खुळखुळा बंद." टाय लावलेला मालक म्हणाला, "मावशी, ओळखणार नाही तुम्ही. शुक्रवारी बाराला या."

आज शुक्रवार होता. दुपारी गुपचूप जाऊन आणायचं आणि उद्या मांडवात सगळ्यांचे डोळे दिपवायचे, असा माझा बेत. हे आजच पेटी उघडतील असं मला वाटलं नव्हतं.

"मी दिलंय ते सांगलीत," शेवटी मी म्हटलं. "नव्यासारखं करायला."

"नव्यासारखं म्हणजे काय करायला?"

"डायल रंगवून द्यायची, बफ मारून चकचकीत करायचं. एवढं काय डोळे फाडून बघताय? लेकीच्या लग्नात मळकं घड्याळ देऊन माझी शोभा करून घेऊ?"

हे ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते, ते मला जमतं. पण हे ओरडले नाहीत. पेटीशेजारी खाली बसले आणि सातव्या खळगीवर बोट फिरवत राहिले.

तेवढ्यात सन्मती आली. नुकतीच हळद लागलेली. गाल पिवळे, दंड पिवळे, कपाळावर तांदळाचे दोन दाणे चिकटलेले.

"डायल? आई, डायल रंगवायला दिलीस?"

"हो, दिली. तू जा, अंग वाळू दे."

"कधी? कुठं? किती वाजता होणार?"

"बाराला. अगं पण तुझं काय जातंय त्यात? देणार आहोत जावयाला."

तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं. पावणेअकरा. खुंटीवरची लुनाची किल्ली काढली.

मी दारात आडवी झाले. "हळदीच्या अंगानं उंबरा ओलांडायचा नाही!"

"मग तू चल मागं बसून. आई बरोबर असली म्हणजे मी घरातच आहे."

माझा लेक सुदर्शन टेम्पो घेऊन कार्यालयात भांडी उतरवायला गेलेला. ह्यांना लुना येत नव्हती. आणि हे अजून खळगीवर बोट फिरवत होते, ते मला बघवेना. हळदीच्या पोरीजवळ लोखंड असावं म्हणून पानाच्या तबकातला अडकित्ता उचलला आणि गेले तिच्या मागं.

"वहिनी, अपशकुन करालाय!" माझी नणंद दारातून ओरडली.

"तू पानं पूस," मी लुनावरून ओरडले. "आल्यावर मोजणार आहे मी!"

लुना म्हणजे काय, खोकला झालेली सायकल. त्यावर आम्ही दोघी, त्यात माझं वजन घरात कुणी उच्चारायचं नाही असा दंडक. उदगाव मागं पडलं. रस्त्यानं जो तो थांबून बघत होता. पिवळी नवरी लुना हाकतेय आणि मागं तिची आई अडकित्ता घेऊन. कृष्णेच्या पुलाचा चढ लागला तशी लुना रडायला लागली.

"उतर आई."

"मी?"

"दोघींना घेऊन चढत नाही ती. चाल थोडं."

भूपाल मगदूमांची लीलावती भर रस्त्यात पदर खोचून पुलाचा चढ चालत चढली. एक ट्रकवाला मान बाहेर काढून ओरडला, "मावशी, सुपारी कुणाची?"

"तुझ्या सासूची!" मी म्हटलं.

पुलावर पोचल्यावर कनवटीचं नाणं काढून पाण्यात टाकलं. "कृष्णामाई, हळदीच्या पोरीला नदी ओलांडायला लावली. चूक माझी, पण आता घाई आहे. येताना बोलू." सन्मती फिसकन हसली. मग मी मागं बसल्यावर तिला विचारलं, "आता तरी सांग. काय एवढं त्या पिवळ्या घड्याळात?"

"पिवळं आहे हेच तर!" ती वाऱ्यावर ओरडून बोलत होती. "ती डायल ज्यानं केली त्याच्या हातची आहे ती. चाळीस वर्षं उजेड पिऊन तसा रंग आलाय. वरून नवा रंग दिला की संपलं. मग ते घड्याळ दिसतं, पण नसतं."

"मला नाही कळत असलं."

"तुझी नथ आहे ना, आज्जीची? तिचे मोती पिवळे झालेत."

"होणारच. बसऱ्याचे आहेत. माझ्या आईच्या आईच्या नाकातले."

"मग काढून टाक की. पांढरेशुभ्र नवे घाल. चकाकतील."

माझा हात आपोआप नाकाकडं गेला.

मग मीच तिच्या पाठीत बोट खुपसलं. "जरा जोरात घे की गं. सव्वाअकरा वाजून गेले असतील."

दुकानात शिरले आणि काचेच्या फळीवर अडकित्ता ठेवला. "माझं घड्याळ द्या. जसं असेल तसं, आत्ता."

टायवाल्यानं अडकित्त्याकडं बघितलं, सन्मतीच्या पिवळ्या तोंडाकडं बघितलं. घाबरून आतल्या पडद्याकडं वळून हाक मारली, "बाबालाल! ते ओमेगा झालं का?"

पडद्याआडून म्हातारा आवाज आला, "मोटर जळलीय."

"काल तर पावडर संपली म्हणालास!"

"पावडर काल संपली. मोटर आज जळली."

"आणि परवा?"

"परवा ब्रशाचे केस झडले."

"अरे चार दिवस झाले! आता ती जांभळ्या पातळातली तोंडाळ बाई येईल आणि..." त्यानं जीभ चावली.

"आलीय," मी म्हटलं, आणि पडदा सारून आत गेले.

आत खिडकीखाली एवढंसं टेबल. पांढऱ्या दाढीचा, जाळीची टोपी घातलेला माणूस डोळ्याला भिंग लावून बसलेला. टेबलाच्या मधोमध काचेचा पेला उपडा घातलेला, आणि पेल्याखाली आमचं घड्याळ. पिवळं. जसंच्या तसं पिवळं. मला त्या पिवळ्या रंगाचा इतका आनंद होईल असं कुणी सोमवारी सांगितलं असतं, तर त्याला मी वेड्यात काढलं असतं.

"रंगवलं नाही?" सन्मतीनं विचारलं.

"न्हाई बेटी," बाबालाल म्हणाला. "सगळं मिळून दीड तासाचं काम. पण हात उचलंना. ही डायल पिवळी पडलीली न्हाई, पिकलीय. रंग काय, मी धा मिंटात देतो. परत पिकवणार कोण? म्हटलं, ज्याचं हाय तो पळत येतोय का बघू. रोज एक थाप मारत बसलो."

सन्मतीनं पेला उचलला. टेबलावरचं दुसरं भिंग घेतलं आणि डोळ्यात बसवलं. सुई ओवावी इतक्या सहज. माझ्या पोरीच्या हातात ते कसं बसलं ते बघून मीच चकित.

"डायलच्या कडेचे बाराही पैलू शाबूत आहेत," ती म्हणाली. "काटे मूळचे. आई, हे बघ, तुला ज्याचा राग आला ना, तो खुळखुळा." तिनं घड्याळ माझ्या कानाशी हळूच हलवलं. टक. टक. "आत एक वजन आहे. हात हलला की ते डुलतं, दोन्हीकडच्या स्प्रिंगांवर आपटतं, आणि घड्याळ आपली आपण चावी घेतं. मोडलेलं नाही. त्याचा स्वभावच तो."

बाबालालनं डोळ्यावरचं भिंग वर केलं. "हे कुणी शिकवलं तुला?"

"अप्पांनी. दर रविवारी दुपारी."

"रविवारी दुपारी तू शिवणाच्या क्लासला जात होतीस," मी म्हटलं.

सन्मतीनं भिंग काढलं नाही. भिंगाआड लपायला बरं असतं. "पेढीवर जात होते. अप्पा पिशवीतून चार-चार घड्याळं आणायचे. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, पोरीच्या जातीला काय करायचंय."

म्हटलं असतं. नक्की म्हटलं असतं.

"आणि महिन्याला एक पोलकं शिवून आणायचीस ते?"

"पेठेतल्या शिंप्याचं."

अडीच वर्षं मी जयसिंगपूरभर सांगत फिरले होते, की आमच्या सन्मतीच्या हाताला काय सफाई आहे. त्या शिंप्याला किती हसू आलं असेल!

मग बाबालालनं घड्याळ पालथं केलं आणि मान खाली घातली. "एक चूक झाली, माफ करा. पहिल्या दिवशी मळ समजून बफ लावला. चांदणी दिसली तसा हात मागं घेतला. पण एक गेली."

घुमटावर सात चांदण्या टोकदार होत्या. आठवी पुसट. डोळे बारीक करून बघितलं तर अर्धी दिसायची.

त्या म्हाताऱ्याची काय चूक? घासायला मी दिलेलं. "तुम्ही उद्या लग्नाला यायचं," मी त्याला म्हटलं. "माझ्या हातानं वाढणार आहे." आणि बाहेर पडताना सन्मतीला बजावलं, "अप्पांना ह्या चांदणीचं मी सांगेन. तू बोलायचं नाहीस."

मी सांगितलं नाही. घरी आले तर हे तिथंच, पेटीपाशी. मी घड्याळ त्यांच्या तळहातावर ठेवलं, तोंड वर, पाठ खाली. त्यांनी कानाला लावलं, जरा हलवलं. टक. त्यांचा चेहरा असा उजळला, की चिंच लावून माझा बंबही कधी तसा उजळला नव्हता.

"जेवलीस का?" त्यांनी विचारलं. बस, तेवढंच. मग पट्टा बदलायला म्हणून घड्याळ घेऊन आतल्या खोलीत गेले. मी विड्याची पानं मोजायला बसले. पाच कमी होती.

दुसऱ्या दिवशी मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या. ह्यांनी जावयाच्या हातात घड्याळ ठेवलं. विमलमावशी पुढंच होत्या, मान लांब करून.

"अगंबाई, पिवळं पडलंय की हो हे!"

कार्यालयातल्या सगळ्या माना आमच्याकडं वळल्या. सोमवारची मी असते, तर जमिनीत गेले असते.

"पडलं नाही मावशी, पिकलंय," मी म्हटलं. "कच्चं हवं असेल तर बाजारात ढिगानं मिळतंय. खोक्यासकट."

मागच्या रांगेतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. बघितलं तर जाळीची टोपी.

मग वर्धमान सन्मतीकडं वळला. पोरगा मुलगी बघायला आला होता, तेव्हाच माझ्या मनातून जरा उतरला होता. सन्मतीनं त्याला विचारलं होतं, किती वाजले. त्यानं हातातल्या घड्याळाकडं बघून सांगितलं, "काल चावी द्यायला विसरलो. हे कालचीच वेळ दाखवतंय." ती हसली, हे हसले. मला वाटलं, नवरा मुलगा आणि बंद घड्याळ, काय लक्षण हे! तोच वर्धमान आता सगळ्या पाहुण्यांसमोर सन्मतीचा डावा हात हातात घेत होता. हिरव्या चुड्याच्या वर, जरा मागं सरकवून, त्यानं ते घड्याळ तिच्या मनगटावर बांधलं. पट्टा बरोबर तिच्या मापाचा निघाला.

मावशींचा आ वासलेला. माझाही.

मी ह्यांना कोपरानं ढोसलं. "अहो, हे काय?"

"काय?"

"घड्याळ जावयाला दिलं ना तुम्ही?"

"दिलं की. रीत आहे."

"मग तिच्या हातात कसं?"

हे मांडवाच्या झालरीकडं बघत होते. "लेकीला घड्याळ द्यायची रीत आहे का आपल्यात?"

"नाही."

"पेटी उद्या सुदर्शनची. तो ठेवील, विकील, त्याची मर्जी. पण जिला ती कळते तिला एकही मिळणार नाही, हे मला सोसेना. जावयाला विचारलं. तो म्हणाला, मामा, रीतीपुरता हात माझा, घड्याळ तिचं."

"मला सांगितलं का नाही?"

"तू रीत मोडू दिली असतीस?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि आठवलं, की कालच हळदीच्या पोरीला लुनावरून नदीपार नेऊन आणलंय मी.

निघताना सन्मती पाया पडली. सगळ्या बायका रडत होत्या, हे तर खांबाला धरून. मी रडणारी नव्हे. मी तिचं मनगट धरून उठवलं, आणि माझ्या तळहाताला आतून कुणीतरी हळूच धक्का दिला. टक. ही पोटात होती तेव्हा अशीच लाथ मारायची.

"चावी द्यायला विसरू नकोस," मी म्हटलं.

"ते आपलं आपण घेतं, आई," ती रडता रडता हसली. "हात हलता ठेवला की झालं."

त्याला आता एकतीस वर्षं होतील. हात तिनं हलताच ठेवला. कोल्हापुरात तिच्याकडं आता लांबलांबचे लोक घड्याळं दाखवायला येतात, आणि हळूच विचारतात, डायल मूळची आहे का. विमलमावशी हयात होत्या तोवर आलेल्यांना पहिला चहा त्याच द्यायच्या आणि सांगायच्या, "आमच्या सुनेचं घड्याळ बघा आधी. पिकलेलं आहे."

हे ऐंशीचे झाले. रविवारी अजून पेटी उघडतात. त्यांची बोटं थरथरतात म्हणून चावी आता मी देते, हे कानाला लावून सांगतात, पुरे. मागल्या रविवारी नववं देताना माझ्या मनात आलं, आता किती दिवस पोटात ठेवायचं?

"अहो, एक सांगायचंय. एक्याण्णव सालचं. सन्मतीच्या घड्याळाची एक चांदणी माझ्यापायी गेली."

"आठवी," हे म्हणाले. "डावीकडची."

"तुम्हाला माहीत होतं?"

"पट्टा बदलताना मोजल्या होत्या."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी नववं घड्याळ मलमलीनं पुसलं, खळगीत निजवलं. "आठ चांदण्यांची जगात हजारो असतील. साडेसात चांदण्यांचं एकच आहे. कुठंही गेलं तरी ओळखू येईल, आणि कुणाच्या हातून गेलंय तेही."

माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं असावं. मी पदरानं पुसलं आणि तोच पदर कमरेला खोचला.

"असं होय? मग ह्या बावीसांनाही एकदा चिंच लावून काढते."

ह्यांनी पेटी मिटली, छातीशी कवटाळली आणि ऐंशी वर्षांच्या पायांनी जे पळाले, ते थेट स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले. वरण अजून चुलीवर होतं. लग्नाला पंचावन्न वर्षं झाली आमच्या. त्या दिवशी पहिल्यांदा आमचे हे जेवायला वेळेवर आले.